परदेशात कॅराव्हॅनने फिरायचंय? कोल्हापुरातून निघताना बॅगेत काय भराल

टूर कंपनीबरोबर एकदा युरोप पाहून आलेली बरीच मंडळी पुढच्या वेळी म्हणतात, आता बसमधून नाही, स्वतःची गाडी भाड्याने घेऊ, वाटेल तिथे थांबू, स्वतः रांधून खाऊ. विचार उत्तम आहे. चार माणसांचं कुटुंब असेल, गाडी चालवणारे दोघं असतील आणि पंधरा-वीस दिवस हाताशी असतील, तर कॅराव्हॅनसारखी मजा दुसरी नाही. पण टूरची बॅग वेगळी आणि कॅराव्हॅनची बॅग वेगळी. हॉटेलात खोली मिळते, कपाट मिळतं, बॅग कोपऱ्यात उभी करता येते. इथे सहा-सात मीटर लांबीच्या गाडीतच चौघांनी झोपायचं, रांधायचं आणि सामानही ठेवायचं. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी एकच सांगते: कुठलीही वस्तू बॅगेत टाकण्याआधी ती गाडीत कुठे राहणार हे ठरवा. जागा सुचली नाही तर ती वस्तू घरी ठेवा.

हा लेख न्यूझीलंड आणि युरोप डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण आपल्याकडची माणसं याच दोन ठिकाणांबद्दल जास्त विचारतात. पहिलीच वेळ असेल तर माझं मत न्यूझीलंडच्या बाजूने पडतं. तिथे आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी चालवायची असते आणि चालकाची सीट उजवीकडे असते. जर्मनी, फ्रान्स, इटलीत सगळं उलटं. त्यात एवढी मोठी गाडी, म्हणजे पहिले दोन दिवस अंगावर येतात.

आधी गाडी, मग बॅग

गाडी बुक झाल्याशिवाय खरेदीला बाहेर पडू नका. आपण सरसकट कॅराव्हॅन म्हणतो, पण भाड्याने घ्यायची ती इंजिनासकटची गाडी, म्हणजे मोटरहोम. कारच्या मागे ओढायची कॅराव्हॅन नवख्यांनी घेऊ नये. ती रिव्हर्स घेणं अवघड आणि तिच्या वजनाप्रमाणे लायसन्सचे नियमही वेगळे.

बुकिंग झालं की कंपनीला ईमेल करून चार गोष्टी लेखी विचारा. भांडी, ताटं, चमचे भाड्यात आहेत का? पांघरुणं, उशा, टॉवेल आहेत का? न्यूझीलंडमध्ये हे सहसा मिळतं, युरोपात बऱ्याचदा माणशी वेगळे पैसे घेतात. बाहेर मांडायच्या खुर्च्या-टेबल आहे का? आणि रिकाम्या बॅगा डेपोत ठेवून घेतात का? या चार उत्तरांवर तुमची अर्धी यादी ठरते. लहान मूल असेल तर कारसीटचंही तेव्हाच सांगून ठेवा. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ती सक्तीची आहे, आणि कारसीट विमानातून वाहून नेण्यापेक्षा तिथेच भाड्याने घेतलेली बरी.

गाडीचा आतला नकाशा मागवून घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर चालकाच्या डोक्यावरचा पलंग त्यांच्या कामाचा नाही, रात्री शिडीवरून उतरणं त्यांना जमणार नाही. खाली मागच्या बाजूला कायमचा पलंग असलेली गाडी घ्या.

वजनाचा हिशेब एकदा मांडा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण वाचा. युरोपात भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक मोटरहोमना भरलेल्या अवस्थेत ३,५०० किलोची मर्यादा असते, कारण साध्या कारच्या लायसन्सवर तेवढंच चालतं. आता समजा रिकामी गाडी ३,००० किलोची आहे. उरले ५०० किलो. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर ते झाले १०० किलो. चार माणसांचे २६०. प्रत्येकाची १५ किलोची बॅग म्हणजे ६०. किराणा, खुर्च्या, भांडी धरून आणखी ५०. बेरीज ४७०. म्हणजे प्रत्येकाने आठ-आठ किलो जास्त आणलं, तर तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. पोलिसांनी काट्यावर घेतली तर दंड होतोच, शिवाय घाटात ब्रेकवर ताण येतो. कागदावरच्या वजनात चालक, डिझेल आणि पाणी धरलंय का, हेही कंपनीला विचारून घ्या. प्रत्येकी १५ किलो, ही मर्यादा मी म्हणूनच सांगते. विमान कंपनी २३ किंवा ३० किलो देते म्हणून तेवढं भरायचं नाही.

१५ किलोचं आणखी एक कारण आहे. उजळाईवाडीहून मुंबईला विमानाने जाणार असाल आणि ते तिकीट परदेशाच्या तिकिटापासून वेगळं काढलेलं असेल, तर देशांतर्गत प्रवासाला साधारण १५ किलोच चालतात. जास्तीच्या किलोमागे पैसे मोजावे लागतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

बॅग कापडी घ्या

चाकांची कडक सुटकेस मोटरहोममध्ये सर्वांत मोठी अडचण ठरते. ती घडी होत नाही, सीटखाली जात नाही, आणि रोज रात्री पलंग मांडताना तिला कुठेतरी हलवावं लागतं. कापडी डफेल बॅग रिकामी झाली की गुंडाळून गादीखाली सारता येते. आपल्याकडे लग्नाकार्याला नेतो तसल्या मोठ्या कापडी बॅगा चालतात, फक्त चेन मजबूत बघून घ्या.

आत प्रत्येकाच्या कपड्यांच्या वेगवेगळ्या रंगाच्या पिशव्या करा. डोक्यावरची कपाटं लहान असतात, त्यात पिशवी तशीच्या तशी सरकवली की काम झालं. सकाळी चौघं एकदम उठून आपापले मोजे शोधायला लागले, तर त्या दोन फुटांच्या वाटेत कुणालाच हलता येत नाही.

कागदपत्रं

आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट काढायलाच हवं. लायसन्स एमएच-०९चं असेल तर कोल्हापूरच्या आरटीओकडेच अर्ज करायचा, 'सारथी' पोर्टलवरून फॉर्म ४-ए भरून. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती लागतात, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. व्हिसा हातात आल्यावर लगेच या कामाला लागा, शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. परमिट एकटं चालत नाही, त्याच्यासोबत मूळ लायसन्स दाखवावंच लागतं. अजून जुनं पुस्तकी लायसन्स वापरत असाल तर आधी स्मार्ट कार्ड करून घ्या. जे कुणी गाडी चालवणार त्या प्रत्येकाचं परमिट काढा, नाहीतर एकट्यावरच सगळा भार पडतो.

गाडी ताब्यात घेताना अनामत रक्कम अडकवून ठेवतात. ती बहुतेक ठिकाणी क्रेडिट कार्डावरच घेतात, आणि कार्डावरचं नाव मुख्य चालकाचं असावं लागतं. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर भिस्त ठेवून जाऊ नका. कार्डाची मर्यादा बँकेत जाऊन वाढवून घ्या, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का ते तपासा.

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो आणि मुक्कामाचा पुरावाही मागतात. कॅराव्हॅनवाल्यांनी गाडीचं व्हाउचर, काही कॅम्पसाइटची (गाडी उभी करून रात्र काढायच्या जागांची) बुकिंग आणि दिवसवार कार्यक्रम असं एकत्र जोडावं. हे सगळे कागद एका पारदर्शक फोल्डरमध्ये, गाडीच्या कप्प्यात हाताशी राहतील असे ठेवा. पासपोर्ट मात्र तिथे नको, तो अंगावर.

स्वयंपाकघर: कुकर न्या, मिक्सर नको

गाडीत गॅसची दोन किंवा तीन बर्नरची शेगडी असते. बर्नर आपल्या घरच्यापेक्षा लहान आणि मंद. कंपनीच्या भांड्यांत पातेली, तवा, सुऱ्या असतात, प्रेशर कुकर मात्र बहुधा नसतो. तीन लिटरचा लहान कुकर न्याच. डाळ, भात, मटण, उकडलेले बटाटे सगळं त्यात होतं, गॅस वाचतो आणि खिडक्यांवर वाफही कमी साठते. सोबत एक जादा रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा. शहरातल्या भांड्यांच्या कुठल्याही दुकानात या वस्तू मिळतात, तिकडे तुमच्या कुकरला बसणारी रिंग मिळणार नाही. कुकर चेक-इनच्या बॅगेत टाका, आणि त्याच्या पोटात मोजे भरून जागा वसूल करा.

मोठी कढई नेऊ नका. या शेगड्यांना काचेचं झाकण असतं, ते उघडून मागे टेकवलेलं असतं. भांडं रुंद असेल तर त्याची कड त्या काचेला भिडते आणि तापून काच तडकते. त्याची भरपाई तुमच्या अनामतीतून जाते. आठ इंचांचा हलका तवा, एक उलथणं, एक चिमटा, एक लहान किसणी आणि मिसळणाचा डबा, एवढंच घरून. मिसळणाचा डबा घट्ट झाकणाचा घ्या. वळणावर तो कपाटात उलटला तर हळद सगळ्या गाडीभर होते, आणि सीटवरचा हळदीचा डाग जात नाही.

मिक्सरची गरज किसणी भागवते. कांदा-टोमॅटो किसून परतला की रश्श्याला पुरेसा दाटपणा येतो, बाकी काम आपला कांदा-लसूण मसाला करतोच. माझी आत्या निघताना म्हणायची, "मटण तिथं मिळंल, मसाला कुठनं आणणार?" तिचं खरं होतं. न्यूझीलंडच्या साध्या सुपरमार्केटात कोकराचं मटण ताजं मिळतं, आणि कुकरच्या तीन-चार शिट्ट्यांत तळ्याकाठी तांबडा रस्सा तयार होतो.

एक काळजी घ्या. फोडणीच्या धुराने गाडीतला स्मोक अलार्म वाजतो, आणि मसाल्याचा वास गाद्यांच्या कापडात बसतो. परत देताना वास आला तर काही कंपन्या सफाईचे पैसे लावतात. फोडणी देताना छताची खिडकी आणि दार दोन्ही उघडं ठेवा. कॅम्पसाइटवर सामायिक स्वयंपाकघर असेल तर रस्सा तिथेच करा, न्यूझीलंडच्या हॉलिडे पार्कमध्ये, म्हणजे तिथल्या सोयींच्या कॅम्पसाइटवर, ते असतंच. मिरची परतायची असेल तर दुसऱ्या कुणाचा स्वयंपाक चालू नाही हे बघून.

ताटं-वाट्या खडखडू नयेत म्हणून प्रत्येक दोन ताटांमध्ये एक नॅपकिन घाला. हे ऐकायला बारीक वाटतं, पण दिवसभर डोक्यामागे भांडी वाजत राहिली की चालवणारा वैतागतो. जाळीदार रबरी मॅट तिकडे स्वस्त मिळते, कपाटात अंथरायला एक घ्या.

गॅस सिलिंडर, कॅम्पिंगचे छोटे डबे, काडेपेटी, लायटर यांतलं काहीही विमानातून न्यायच्या भानगडीत पडू नका. काडेपेटी तिथे पोहोचल्यावर घ्या.

मसाला, खाऊ आणि सीमाशुल्क

इथे कोल्हापूरकरांनी जरा जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण आपल्या मसाल्यात नेमक्या अडचणीच्या दोन गोष्टी असतात.

पहिली खसखस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते आणि ती बाळगल्याबद्दल अटक होऊ शकते. कोल्हापुरातून युरोपला जाणारे कितीतरी जण दुबई किंवा अबू धाबीमार्गेच जातात. तुमच्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस पडत असेल, तर प्रवासासाठी वेगळा, बिनखसखशीचा मसाला करून घ्या. कांडपाला देतानाच सांगा. चवीत फार फरक पडत नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीचं प्रमाण नीट असलं की झालं.

दुसरं सुकं खोबरं. खोबऱ्याच्या वाट्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. त्यातल्या तेलामुळे खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात धरतात. मसाल्यात भाजून कुटलेलं खोबरं असतं, तेवढं पुरे आहे. वेगळी वाटी नको. सासूबाईंनी किंवा आईने प्रेमाने पिशवीत घातली असेल, तर निघायच्या आदल्या रात्री आठवणीने काढून ठेवा. मिरचीपूड आणि मसाला हातातल्या बॅगेत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ते खाली सामानात.

युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला गेल्यावर महाद्वार रोडवरून घेतलेले पेढे घरातच वाटून टाका. तूपही नको, तिथे चांगलं लोणी मिळतं, दहा मिनिटांत कढवून तूप होतं. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याच्या ओल्या डहाळ्याही नकोत. कढीपत्ता हवा असेल तर इथे सावलीत वाळवून, चुरून न्या.

न्यूझीलंडचे नियम याहून कडक. देश शेतीवर आणि मेंढ्यांवर जगतो, बाहेरचा एक किडा किंवा एक बी आत गेलं तर त्यांचं मोठं नुकसान होतं. निघण्यापूर्वी न्यूझीलंड ट्रॅव्हलर डिक्लेरेशन हा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो फुकट आहे. त्यात खाण्याचं काहीही असेल तर 'हो' म्हणा. मसाला, भडंग, चटणी, चहा, सगळं. दाखवलेली वस्तू नाही चालली तर ते फक्त काढून घेतात. लपवलेली सापडली तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. मध अजिबात नेऊ नका. घरच्या पुडीपेक्षा कारखान्याचं सीलबंद, इंग्रजी लेबल असलेलं पाकीट तपासणीत लवकर सुटतं, म्हणून न्यूझीलंडसाठी पॅकबंद मसालाच घ्यावा असं माझं मत आहे. सगळा खाऊ एका पिशवीत, बॅगेच्या अगदी वर ठेवा. काउंटरवर पिशवी उचलून समोर ठेवली की दोन मिनिटांत काम होतं.

बुटांचंही तेच. शेतातून, डोंगरातून फिरलेले बूट असतील तर तळव्याच्या खाचांतली माती जुन्या टूथब्रशने घासून काढा, धुऊन कोरडे करा आणि फॉर्ममध्ये लिहा. मसाई पठाराची किंवा गगनबावड्याची तांबडी माती बुटाला चिकटलेली असेल, तर ती त्यांना नक्की दिसते.

मग खाऊ म्हणून न्यायचं काय? थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, पोह्यांचा चिवडा, आणि पहिल्या दिवशी थकून पोहोचल्यावर शिजवायला खिचडीची तयार पाकिटं. गूळ थोडा. तेलकट लोणचं टाळा, बाटली फुटली तर सगळे कपडे जातात. तांदूळ, डाळ, कणीक, तेल, साखर घरून नेणं म्हणजे वजन वाया घालवणं. ख्राइस्टचर्च असो की म्युनिक, मोठ्या शहरात भारतीय दुकान सापडतंच. पहिल्याच दिवशी तिथे जाऊन कणीक आणि डाळ भरून घ्या, पुढे डोंगरात मिळणार नाही.

कपडे

पाच दिवसांचे घ्या, बाकी धुऊन वापरा. बऱ्याच कॅम्पसाइटवर नाणी टाकून चालणारी वॉशिंग मशीन असतात. म्हणून नाणी जमवत राहा. काही ठिकाणी गरम पाण्याच्या शॉवरलाही नाणं लागतं.

एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ थर नेलेले चांगले: अंगाला चिकटणारा आतला, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा, आणि सर्वांत वर पाणी-वारा अडवणारं जाकीट. आल्प्समध्ये जुलैतही रात्री थंडी वाजते. न्यूझीलंडचे ऋतू आपल्या उलट, तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, तरी तिथल्या टेकापो तळ्याकाठी रात्री आकाश पाहायला बाहेर बसायचं तर टोपी आणि लोकरी मोजे हवेतच. तिथल्या आकाशाला २०१२ पासून संरक्षित अंधाराचा दर्जा आहे, ढग नसतील तर तासभर तरी बाहेर बसाल. छत्री नको, वाऱ्यात टिकत नाही.

साड्या नेणाऱ्या आई-मावशींसाठी सांगते: गाडीची पायरी उंच असते आणि आत वाट अरुंद. सलवार किंवा ट्रॅक पँट आणि आत गरम लेगिंग घातली की चढ-उतार निर्धास्त होते. एखादी सिंथेटिक साडी हौसेसाठी ठेवावी, लगेच वाळते.

पायात एक चालायचे बूट आणि एक रबरी चप्पल, बाथरूमला आणि दवातल्या गवतावर. आपली चामड्याची कोल्हापुरी ओल्या गवतात भिजली की खराब होते, ती सोबत नको.

सोलापुरी चादर आणि गोधडी जड होते. माणशी एक पातळ सुती चादर आणि उशीचा अभ्रा घ्या. टॉवेल पातळ, लवकर वाळणारे.

वीज

कॅम्पसाइटच्या खांबाला गाडी जोडली तरच आत २३० व्होल्टची वीज मिळते. रस्त्यावर असताना फक्त १२ व्होल्ट आणि यूएसबी, म्हणजे दिवे, मोबाइल आणि पाण्याचा पंप. खांबाची वीजही अमर्याद नसते. युरोपात काही ठिकाणी ६ अँपिअरच देतात. ६ गुणिले २३० म्हणजे १,३८० वॅट. १,५०० वॅटची किटली लावली की फ्यूज उडतो, आणि रात्री मॅनेजरला उठवायची वेळ येते. म्हणून इंडक्शन, इस्त्री, मोठी किटली, हेअर ड्रायर काही नेऊ नका. चहाचं पाणी गॅसवर ठेवा.

न्यायच्या वस्तू: देशाप्रमाणे अ‍ॅडॉप्टर (न्यूझीलंडला तिरक्या चपट्या पिनांचा, युरोपात गोल दोन पिनांचा, स्वित्झर्लंडला तीन पिनांचा वेगळा), एक लहान एक्स्टेंशन बोर्ड, गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटचा यूएसबी चार्जर, आणि डोक्याला लावायची बॅटरी प्रत्येकी एक. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॅट-तासांच्या आतली. साधारण २७,००० एमएएचपर्यंतची त्यात बसते. नकाशे मोबाइलवर ऑफलाइन उतरवून घ्या, डोंगरात रेंज जाते.

पाणी आणि टॉयलेट

याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही, आणि नवखे इथेच गांगरतात. टाकीत साधारण १०० लिटर पाणी. चौघांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर ते एका सकाळी संपतं. आंघोळीला कॅम्पसाइटचे शॉवर वापरा, गाडीतलं पाणी भांड्यांना आणि हात-तोंड धुवायला.

टॉयलेटखाली काढता येणारी कॅसेट असते, साधारण १७ ते २० लिटरची. ती भरली की ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची आणि त्यात औषध टाकायचं. आपल्या सवयीप्रमाणे भरपूर पाणी वापरलं तर ती एका दिवसात भरते. अर्धा लिटरची, झाकणाला बारीक छिद्र असलेली लवचिक बाटली घरून न्या. स्वच्छताही राहते आणि पाणीही बेतात लागतं. डिस्पोजेबल हातमोज्यांचं एक पाकीट, हँडवॉश, दोन कचऱ्याच्या पिशव्यांचे रोल. पिण्याचं पाणी भरायचा पाइप आणि टॉयलेट धुवायचा नळ कधी एक करू नका, तिथे तसे फलक असतात. कॅसेटचं काम दररोज कुणी करायचं हे घरातच ठरवून घ्या, म्हणजे तिथे कुरबूर होत नाही.

औषधं आणि बारीकसारीक

नेहमीची औषधं मूळ पट्टीतच, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, नुसतं ब्रँडचं नको. दुबईमार्गे जाताना कोडीनयुक्त खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या परवानगीशिवाय सोबत नकोत. प्रवासात गाडी लागणाऱ्यांसाठी गोळ्या आधीच घेऊन ठेवा, घाटात मागच्या सीटवर बसलेल्यांना त्रास होतो.

न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मिलफर्ड साउंडला सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावतात, आठवडाभर खाज जात नाही. तिथलंच मलम घ्या आणि घोटे झाका. जर्मनी-ऑस्ट्रियाच्या जंगलात गोचिडी असतात, बारीक चिमटा जवळ ठेवा. न्यूझीलंडचं ऊन हवा गार असली तरी भाजतं, सनस्क्रीन आणि काठाची टोपी हवीच.

आणि हे न विसरता: दहा फूट नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे, झिपलॉक पिशव्या, सुई-दोरा, चिकटपट्टी, थर्मास, पत्त्यांचा जोड. चिकटपट्टीचं पहिलं काम म्हणजे एका कागदावर गाडीची उंची मीटरमध्ये ठळक लिहून ती चिठ्ठी स्टीअरिंगसमोर लावणं. तीन मीटर उंचीची गाडी आहे हे विसरून तळघरातल्या पार्किंगमध्ये घुसलेल्यांना विमाही बऱ्याचदा वाचवत नाही, छताचं नुकसान अनेक पॉलिसींत धरलेलं नसतं.

रंगीत तालीम

निघण्याच्या दोन आठवडे आधी एका शनिवार-रविवारी भरलेल्या बॅगा गाडीत टाका आणि आंब्याला किंवा राधानगरीला मुक्कामाला जा. दोन दिवस फक्त त्या बॅगांतल्या वस्तूंवर काढा. एका बर्नरवर, छोट्या कुकरात, किसणीने कांदा किसून चौघांचं जेवण करून बघा. जे काढावंसं वाटलं नाही ते परत आल्यावर बाजूला ठेवा, जे घरून मागवावंसं वाटलं ते यादीत घाला. मग बॅगा काट्यावर ठेवा.

गाडी घेताना आणि देताना

डेपोत घाई करू नका. गाडीभोवती फिरून मोबाइलवर सावकाश व्हिडिओ काढा: काच, टायर, छताची कड, आतली गादी, शेगडीची काच. गॅस कसा बंद करायचा, कॅसेट कशी निघते, सांडपाण्याचा खटका कुठे आहे, हे कर्मचाऱ्याला करून दाखवायला सांगा आणि तेही रेकॉर्ड करा. युरोपात धोक्याचा त्रिकोण, चमकणारी जाकिटं आणि प्रथमोपचार पेटी गाडीत आहे का ते बघा. स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रियात जाणार असाल तर महामार्गाचा विन्येट (टोल भरल्याचं स्टिकर) लावलेला आहे का विचारा. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाडीवर किलोमीटरप्रमाणे रस्ताकर लागतो, तो भाड्यात आहे की वेगळा, हे बिलावर पाहून घ्या. कर्मचारी गेला की तिथेच, डेपोच्या आवारात, बॅगा रिकाम्या करून सगळं कपाटात लावा. रस्त्याला लागल्यावर ते होत नाही.

परत द्यायच्या आदल्या दिवशी उरलेली कणीक, डाळ, तेल टाकून देऊ नका. न्यूझीलंडच्या बऱ्याच हॉलिडे पार्कच्या स्वयंपाकघरात एक फळी असते, तिथे जाणारे ठेवून जातात आणि येणारे घेतात. टाकी आणि कॅसेट रिकामी करा, शेगडी पुसा, खिडक्या उघड्या ठेवून रात्र काढा. कुकर रात्रीच घासून कोरडा करा, ओला कुकर बॅगेत घातला तर मुंबईपर्यंत कपड्यांना वास लागतो.